विमा नसेल तर पैसे भरण्याआधी अर्ज मागा: अमेरिकेतलं दवाखान्याचं बिल सोप्या भाषेत

माझ्या भाच्याला मे महिन्यात रात्री दोन वाजता मुतखड्याची कळ उठली. नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि नोकरीबरोबर विमाही गेला होता. उजाडेपर्यंत तो बाथरूमच्या फरशीवर कण्हत पडून राहिला, कारण अमेरिकेत इमर्जन्सीत पाय ठेवला की किती बिल येतं याच्या गोष्टी त्याने ऐकल्या होत्या. शेवटी रूममेटने उचलून गाडीत घातलं. सीटी स्कॅन, सलाइन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, सहा तास. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आत एक कागद आणि त्यावर एकच आकडा, त्याच्या जुन्या दोन पगारांहून मोठा.

त्याने फोन करून हप्ते बांधून घेतले आणि साठवलेल्या पैशांतून दर महिन्याला भरत राहिला. घरी कोणाला बोलला नाही. दिवाळीत फराळाला आला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी खोदून विचारलं, तेव्हा बॅगेतून ते पाकीट निघालं. मी बिल उलटं केलं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत दोन ओळी होत्या : बिल भरणं अवघड असल्यास आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येईल. अर्ज कुठे मिळेल तेही लिहिलं होतं. त्याने कागदाची ती बाजू पाहिलीच नव्हती.

त्या दोन ओळी तिथे का असतात, इतक्या बारीक का असतात आणि त्या ठळक व्हाव्यात म्हणून कोण झगडतंय, हे कळलं की विमा नसलेल्या माणसाची अमेरिकेतली परिस्थिती बरीचशी कळते.

आधी एक मूळ प्रश्न. विमा नोकरीला का बांधलेला आहे? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाई रोखायला सरकारने पगारवाढीवर निर्बंध घातले. माणसं तर हवी होती. मग कारखानदारांनी पगाराऐवजी आजारपणाचा विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेल्या विम्यावर कर लागणार नाही हे पक्कं केलं आणि युद्धातली ती तडजोड कायमची होऊन बसली. १९४५ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्या देशासाठी एकच सरकारी विमा मांडला होता. डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. त्या कायद्यावर सही करायला अध्यक्ष जॉन्सन मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी गेले होते.

म्हणजे नोकरदाराला मालकाचा विमा, म्हाताऱ्याला मेडिकेअर, फार गरिबाला मेडिकेड. मध्ये उरले ते छोट्या दुकानात काम करणारे, अर्धवेळ राबणारे, स्वतःचा धंदा करणारे आणि माझ्या भाच्यासारखे दोन नोकऱ्यांच्या मधले. त्यांच्यासाठी २०१० चा परवडणाऱ्या उपचारांचा कायदा आला, ज्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. त्याची रचना दोन मजली होती. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असणाऱ्यांना मेडिकेड, आणि त्यावरच्यांना या कायद्याने उभारलेल्या विम्याच्या सरकारी बाजारातून, म्हणजे संकेतस्थळावरून, विमा घ्यायला सरकारी अनुदान. पण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांनी ठरवावं. टेक्सस, फ्लोरिडा, जॉर्जिया धरून दहा राज्यांनी ते अजून वाढवलेलं नाही.

त्यातून एक विचित्र खड्डा तयार झाला. गरिबांना मेडिकेड मिळणारच असं धरून कायदा लिहिलेला असल्यामुळे अनुदान सुरू होतं ते दारिद्र्यरेषेपासून वर. त्याखाली कमावणाऱ्याला अनुदान नाही, आणि या बहुतेक राज्यांत मूल नसलेल्या धडधाकट माणसाला मेडिकेडही नाही. कमाई जरा जास्त असती तर विमा स्वस्तात मिळाला असता, असं आपल्यापुढे बसलेल्या माणसाला सांगायची वेळ येते तेव्हा जीभ रेटत नाही. तरी या कायद्याने खूप केलं. विमा नसलेले लोक साडेचार कोटींच्या वर होते, ते २०२३ पर्यंत सुमारे २ कोटी ६० लाखांवर आले. म्हणजे दर बारा-तेरा माणसांत एक. तो एक अजून आहेच.

आता बिलाकडे. प्रत्येक रुग्णालयाकडे दरांची एक भली मोठी यादी असते. एका टाक्यापासून हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळ्याचा छापील दर तिच्यात असतो. विमा कंपन्या हा दर देत नाहीत, त्या घासाघीस करून बराच खाली आणतात. मेडिकेअर स्वतःचा दर ठरवून देतं. छापील दर पूर्ण लागतो तो ज्याच्या वतीने घासाघीस करणारं कोणी नाही त्याला, म्हणजे विमा नसलेल्या माणसाला. म्हणून बिलावरचा आकडा ही ‘किंमत’ समजू नका. तो बोलणी सुरू होण्याआधीचा आकडा आहे, आणि माझा भाचा तोच प्रामाणिकपणे फेडत होता.

‘पैसे नसले तरी इमर्जन्सीत घ्यावंच लागतं ना?’ असं बरेच जण विचारतात. हो, घ्यावं लागतं. १९८० च्या दशकात खासगी रुग्णालयं पैसे नसलेल्यांना, कळा सुरू झालेल्या बायकांनासुद्धा, ॲम्ब्युलन्समध्ये घालून सरकारी रुग्णालयाकडे धाडत. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात असे किती रुग्ण येऊन पडतात हे तिथल्याच डॉक्टरांनी मोजून १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी कायदा झाला. इमर्जन्सी विभाग असलेल्या आणि मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयाने येणाऱ्या प्रत्येकाला तपासायचं आणि जिवाचा धोका टळेपर्यंत सांभाळायचं, पैशांचा प्रश्न नंतर. पण ‘नंतर’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, बिल येतंच. आणि धोका टळला की कायद्याचं बंधन संपतं. हृदयविकाराचा झटका आला तर वाचवतील. तो पुन्हा येऊ नये म्हणून लागणारी रोजची गोळी या कायद्यात बसत नाही.

म्हणून खरी सोय इमर्जन्सीच्या बाहेर शोधावी लागते. माझा सगळ्यात मोठा भरवसा कम्युनिटी हेल्थ सेंटरवर आहे. १९६५ मध्ये जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत पहिलं केंद्र काढलं, मग मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे दुसरं. माउंड बायूला मुलं कुपोषणाने आजारी पडत होती. तिथले डॉक्टर चिठ्ठीवर अन्न लिहून देऊ लागले. लोक ती चिठ्ठी घेऊन किराणा दुकानात जात आणि पैसे केंद्राच्या औषधांच्या खात्यातून दिले जात. वरून विचारणा झाली तेव्हा गायगर यांचं उत्तर होतं की कुपोषणावरचा उपचार अन्नच आहे. आज अशा सुमारे चौदाशे संस्था देशभर हजारो ठिकाणी केंद्रं चालवतात आणि वर्षाला तीन कोटींच्या वर लोक तिथे उपचार घेतात. फी कमाईप्रमाणे घेणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेपर्यंत नाममात्र, त्याच्या दुपटीपर्यंत पायरीपायरीने सवलत. ही रेषा २०२५ मध्ये एकट्या माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबाला ३२,१५० डॉलर होती. पैसे नाहीत म्हणून ते परत पाठवू शकत नाहीत. बीपी, साखर, लसी, गरोदरपणातली तपासणी, बऱ्याच ठिकाणी दातही. जवळचं केंद्र शोधायला सरकारी संकेतस्थळावर पिनकोड टाकला की पुरतं, नाहीतर २११ या नंबरवर फोन करा. जाताना पगाराची स्लिप किंवा कराचा कागद सोबत ठेवा. तिथले डॉक्टर कमी शिकलेले असतील ही समजूत आपल्या लोकांत फार आहे. ती काढून टाका.

औषधांचं थोडक्यात सांगते. एकाच जेनेरिक गोळीचा रोख दर दोन दुकानांत कितीतरी वेगळा असतो, म्हणून फोन करून विचारायचं, आणि गुडआरएक्ससारखं फुकट सवलतीचं कार्ड दाखवायचं. कार्ड विम्याचा पर्याय नाही, पण विमा नसताना हेच हाताशी असतं. महागडं औषध असेल तर ते बनवणाऱ्या कंपनीचीच गरजूंसाठी योजना असते. इन्सुलिनचं वाचलं की मला अजून राग येतो. शोधकर्त्यांनी १९२३ मध्ये त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला विकलं, ते सगळ्यांना मिळावं म्हणून. शंभर वर्षांनी त्याच औषधासाठी अमेरिकेत माणसं डोस पुरवून पुरवून घेत होती आणि काही त्यात दगावली. बराच आरडाओरडा झाल्यावर २०२३ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घालणाऱ्या योजना आणल्या. आजही त्या मागाव्या लागतात.

नोकरी गेली असेल तर साठ दिवस हा आकडा लक्षात ठेवा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीतून बाहेर पडलात तर तोच विमा स्वतःच्या खर्चाने साधारण अठरा महिने चालू ठेवता येतो. याला कोब्रा म्हणतात. हप्ता मालकाच्या वाट्यासकट पूर्ण भरावा लागतो, म्हणून लोक कागद बघताच फेकतात. पण तो निवडायला किमान साठ दिवस असतात आणि निवडला की विमा सुटला त्या दिवसापासून लागू धरतात. म्हणजे पन्नासाव्या दिवशी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तरी मागचे हप्ते भरून ते विम्यात बसवता येतं. तेवढ्याच साठ दिवसांत ओबामाकेअरच्या बाजारातही एरवी बंद असलेलं दार उघडं असतं. भाच्याने दोन्ही मुदती हातच्या घालवल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यात मीही आले.

ठरवून करायच्या उपचारांसाठी आणखी एक हक्क आहे. १ जानेवारी २०२२ पासून विमा नसलेल्याला आधीच लेखी अंदाज द्यावा लागतो. तारीख ठरवतानाच तो मागा आणि जपून ठेवा. एखाद्या डॉक्टरचं किंवा रुग्णालयाचं बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त चढलं तर १२० दिवसांत सरकारी लवादाकडे तक्रार करता येते.

आता पुन्हा त्या दोन ओळी. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त रुग्णालयं कागदोपत्री ना-नफा संस्था आहेत, आणि त्या बदल्यात त्यांना कर माफ आहे. २०१० च्या कायद्याने या करमाफीला अटी घातल्या. रुग्णालयाचं लेखी साहाय्य धोरण हवं, ते लोकांपर्यंत पोचवायला हवं आणि बिलावर त्याचा उल्लेख हवा. जो त्यात बसतो त्याच्याकडून विमाधारकाला साधारणपणे लागतो त्याहून जास्त दर घेता येणार नाही, म्हणजे तो छापील दर तर नाहीच. घरी आल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावाच लागतो. पहिले १२० दिवस कोर्टात खेचणं, क्रेडिट खराब करणं असं काही करता येत नाही. आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे अर्ज मंजूर झाला तर आधी भरलेले जादा पैसे परत करावे लागतात.

एक मोठी उणीव आहे. धोरण हवं एवढंच केंद्राचा कायदा सांगतो, ते किती उदार हवं हे सांगत नाही. त्यामुळे एका रुग्णालयात दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंत सवलत मिळते, तर दुसऱ्यात दुपटीवर दार बंद. कॅलिफोर्नियाने मात्र चौपटीपर्यंतच्या लोकांना सवलतीस पात्र धरण्याचं बंधन स्वतःच्या कायद्याने घातलं आहे. आई-वडील भेटीला आले असताना आजारी पडले तर त्यांना सवलत मिळेल का, हेही त्या त्या धोरणावर ठरतं. काही रुग्णालयं फक्त आसपासच्या रहिवाशांना धरतात, काही नाही. धोरण वाचल्याशिवाय ‘आपल्याला मिळणार नाही’ असं ठरवू नका.

मी भाच्यासमोर अर्ज ठेवला तर तो म्हणाला, ‘‘मावशी, धर्मादाय नको गं. मी भरतोय ना.’’ या वाक्यावर मी रात्रभर विचार केला, कारण त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की देणं फेडायचं, कोणाचं फुकट घ्यायचं नाही. पण ते रुग्णालय वर्षानुवर्षं कर भरत नाही, आणि तो न भरण्याची अट म्हणून ही सवलत आहे. तिचा खर्च समाजाने आधीच सोसलेला आहे. दुसऱ्या दिवशी हे त्याला सांगितलं तेव्हा तो गप्प बसून राहिला आणि मग पेन घेतलं.

आम्ही आधी बिलाचा तपशील मागवला, एकेक नोंद वेगळी दाखवणारा. तीन पानं आली. प्रत्येक ओळीत तारीख, पाच अंकी कोड, दर. दुसऱ्या पानावर त्याच तारखेला, त्याच कोडखाली सलाइन दोनदा लावलेलं होतं. एकच बाटली लावली होती हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण दुखणं कमी झाल्यावर तो तिच्यातले थेंब मोजत पडला होता. मग अर्ज : बेकारीचा दाखला, बँकेची तीन स्टेटमेंट्स, मागच्या वर्षीच्या कराचा कागद, आणि परिस्थिती सांगणारं अर्ध्या पानाचं पत्र. रजिस्टर पोस्टाने पाठवला, प्रत ठेवली. ज्या फोनवर बोललो तिथल्या माणसाचं नाव आणि वेळ प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवली. ही वही फार उपयोगी पडते. अर्ज भरायला कोणी नसेल तर ‘डॉलर फॉर’ नावाची संस्था विनामूल्य मदत करते.

सुधारणेचा सगळा झगडा मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो : मागायचं कोणी? आजारी माणसाने कागद शोधत फिरायचं, की रुग्णालयाने आधी तपासायचं? ओरेगनने २०२३ मध्ये उत्तर दिलं. तिथे रुग्णाला विमा नसेल किंवा बिल ५०० डॉलरच्या वर जात असेल, तर बिल पाठवण्याआधी तो सवलतीत बसतो का हे रुग्णालयालाच पाहावं लागतं. नॉर्थ कॅरोलिनाने २०२४ मध्ये मेडिकेडच्या वाढीव पैशांचं आमिष दाखवून आपल्या ९९ रुग्णालयांना जुनी उपचारांची कर्जं माफ करायला राजी केलं. मेरीलँडमध्ये तर १९७० च्या दशकापासून रुग्णालयांचे दर सरकारी आयोग ठरवतो आणि विमा असो वा नसो, दर जवळपास तोच. कोलोराडोचं उदाहरण मला सगळ्यात जास्त भिडतं. अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांना तिथे डायलिसिस मिळायचं ते जीव धोक्यात आल्यावरच, म्हणून ते श्वास लागेपर्यंत थांबत आणि मग इमर्जन्सीत येत, पुन्हा पुन्हा. २०१९ मध्ये राज्याने आणीबाणीची व्याख्या बदलली आणि त्यांना नियमित डायलिसिस मिळू लागलं. एका व्याख्येवर हे सगळं अडलं होतं.

उलट दिशेनेही बरंच चाललंय. २०१८ मध्ये आर्कान्सॉने मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम दाखवण्याची अट घातली. नोंद ऑनलाइन करायची, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद. काही महिन्यांत १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. त्यांतले कितीतरी काम करतच होते, फक्त नोंद झाली नव्हती. २०१९ मध्ये न्यायालयाने ते थांबवलं. पण जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या केंद्राच्या कायद्याने हीच ८० तासांची अट २०२७ पासून वाढीव मेडिकेडवरच्या प्रौढांसाठी देशभर आणली आहे. संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजाने त्या कायद्यामुळे २०३४ पर्यंत सुमारे एक कोटी लोक विम्याबाहेर पडतील. बाजारातल्या विम्यावरचं २०२१ पासूनचं वाढीव अनुदानही २०२५ अखेर संपलं. त्याच्यासाठी ४३ दिवस सरकार ठप्प झालं होतं, तरी ते वाचलं नाही. सगळ्यांना एकच सरकारी विमा असावा ही ट्रुमन यांची मागणी सेनेटर बर्नी सँडर्स दर काही वर्षांनी विधेयक म्हणून मांडतात, आणि ते दर वेळी अडतं. मला ते मंजूर झालेलं पाहायचं आहे. तोवर ओरेगनसारखा नियम प्रत्येक राज्यात यावा, यासाठी मी आमच्या आमदारांना पत्रं लिहिते. अर्धं पान पुरतं.

भाच्याला सहाव्या आठवड्यात पत्र आलं. रुग्णालयाचं बिल पूर्ण माफ, भरलेल्या चार हप्त्यांचा चेक सोबत. चेक हातात धरून त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर रूममेटच्या भावालाही असंच एक बिल आलंय, त्याचे २४० दिवस कधी संपतात. सीटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं बिल वेगळं आलं होतं, कारण ते रुग्णालयाचे नोकर नव्हते आणि कोणत्या डॉक्टरांना सवलतीचं धोरण लागू आहे त्या यादीत त्यांचा गट नव्हता. त्यांच्या कार्यालयाला स्वतंत्र अर्ज गेलाय. वहीत तारीख लिहिलेली आहे, येत्या सोमवारी फोन करायचाय.